खण्णकन उपसलेली तलवार

ऐतिहासिक चित्रपटात मावळ्यानं तलवार उपसली की जो 'खण्ण' होतो, तो आमचा. मी फोलीचं, म्हणजे पडद्यावरच्या हालचालींना मागून आवाज पुरवायचं काम करतो. पडद्यावरच्या हाताकडे डोळे लावून जुन्या सुरीच्या पात्यावरून उलथनं एका दमात ओढायचं, की झाली तलवार.

खऱ्या तलवारीला हा आवाजच नाही. आपल्याकडची म्यानं लाकडी, वरून चामडं नाहीतर मखमल. त्यातून पातं निघताना बारीक खसखसतं, इतकंच. एका दिग्दर्शकाच्या हट्टापायी मी तेवढाच आवाज ठेवला होता. कोल्हापुरात चार मंडळींना रीळ दाखवलं, तर मागून प्रश्न आला, "साउंड गेला काय रं?" दुसऱ्या दिवशी उलथनं कामावर हजर.

हा खणखणाट आला कुठून? माझा संशय नाटक कंपन्यांवर. पत्र्याची तलवार, पत्र्याचंच म्यान. वाजणार नाही तर काय! 1932 साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'नं मराठी पडद्याला वाचा दिली, तोवर प्रेक्षकांचा कान रंगभूमीनं घडवून ठेवला होता. घोड्यांचंही तसंच. मातीवर टापा नुसत्या धपधपतात, पण करवंट्या आपटल्याशिवाय स्वार दौडत निघाला असं कुणाला वाटतच नाही.

लोखंडी म्यानं खरोखर होती ती इंग्रजी घोडदळात, आणि ती त्यांना फार महागात पडत होती. कॅप्टन नोलन नावाच्या अधिकाऱ्यानं 1853 साली घोडदळावर पुस्तक लिहिलं (पुढच्याच वर्षी क्रिमियात, लाइट ब्रिगेडच्या त्या प्रसिद्ध चढाईत तो मारला गेला). त्यात निजामाच्या घोडेस्वारांची हकिगत आहे. एका चकमकीत त्यांनी शत्रूची मुंडकी आणि हात असे साफ उडवले होते, की या तलवारी आहेत तरी कसल्या ते बघायची नोलनला उत्सुकता लागली. बघतो तर इंग्रजी पलटणींनीच मोडीत काढलेली जुनी पाती! स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. लढाईखेरीज ती बाहेर काढायचीच नाहीत, हा दंडक. इंग्रजांच्या लोखंडी म्यानात मात्र येता-जाता घासून पातं बोथट होई. थोडक्यात, 'खण्ण' हा धार जाण्याचा आवाज. आमचा नायक टाळ्या घेतो आणि दर प्रसंगाला आपली तलवार भोथी करतो.

डोळ्यांचंही असंच होतं. 1875-76 च्या दौऱ्यात कोल्हापूर दरबारानं प्रिन्स ऑफ वेल्सला नजर केलेली, शिवाजी महाराजांची म्हणून नोंदलेली तलवार इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. तिचं पातं युरोपी असून त्यावर आय-एच-एस हा ख्रिस्ती ठसा तीनदा उठवलेला आहे. फिरंगी पात्यांना दख्खनेत तेव्हा चांगलीच मागणी होती, त्यामुळे यात नवल काहीच नाही. पण एखाद्या प्रॉपर्टीवाल्यानं त्या ठशासकट हुबेहूब नक्कल करून नायकाच्या हाती देऊन बघावी! पहिल्याच खेळाला लोक त्याचा उद्धार करतील.

आता मी दोन्ही आवाज घेतो. खाली चामड्याची खसखस, वर उलथनं, जरा दबकं. मिक्सिंगला निर्माता येतो आणि उलथनं वाढवायला सांगतो. खसखशीबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.