नावेचा पत्ता : इंग्लंडच्या कालव्यांवरील मानपान व शिष्टाचार

समाजातील उच्चनीचभावाचा विचार करताना इतिहासकार बहुधा जमीन, जन्म आणि द्रव्य या तीन आधारांकडे पाहतात. परंतु ज्यांच्याजवळ जमीन नाही, ज्यांची वस्ती एका गावी स्थिर नाही आणि ज्यांना इतर समाज एकाच तुच्छतेने न्याहाळतो, अशा समूहांतही मानपानाची सूक्ष्म उतरंड असते, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. इंग्लंडमधील अरुंद कालव्यांवरील नावाड्यांचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे १९७० पर्यंत हे कालवे मालवाहतुकीचे मार्ग होते. त्यानंतर ते मुख्यतः सहलीचे आणि निवासाचे स्थान बनले. कोणी कोणास वाट द्यावी, नाव कोठे बांधावी, किती काळ बांधावी, या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या प्रश्नांभोवती दोन्ही कालखंडांत प्रतिष्ठेच्या कल्पना गुंफल्या गेल्या. फरक इतकाच की, पहिल्या कालखंडात शिष्टाचाराचे मूळ श्रमाच्या गरजेत होते; दुसऱ्या कालखंडात श्रम लोपला, शिष्टाचार उरला, आणि त्याचा उपयोग माणसे पारखण्याकडे होऊ लागला.

ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याचा स्थापत्यकार जेम्स ब्रिंडली याने पुढे मध्य इंग्लंडमध्ये जे कालवे आखले, त्यांवरील जलपाश अवघे सात फूट रुंदीचे ठेवण्यात आले. जलपाश म्हणजे दोन दरवाजांमधील ती कोंडी, जिच्यात पाणी भरून वा सोडून नाव चढणीवर किंवा उतारावर नेली जाते. जलपाशाच्या या मापामुळे नावेचेही माप ठरून गेले : लांबी सुमारे सत्तर फूट, रुंदी सुमारे सात फूट. अशा कोंडीत एका वेळी एकच नाव मावते, आणि प्रत्येक खेपेस वरच्या बाजूचे हजारो गॅलन पाणी खाली जाते. पाणी हे कालवा कंपनीचे भांडवल होते आणि वेळ हे नावाड्याचे. कारण त्यास मजुरी खेपेवर मिळे. जलपाशाशी कोणाची पाळी आधी, हा प्रश्न म्हणूनच मानाचा होण्यापूर्वी पोटाचा होता.

या प्रश्नाचे उत्तर कंपन्यांनी नियमांनी दिले. कित्येक ठिकाणी जलपाशापासून ठराविक अंतरावर खांब रोवण्यात आले; जी नाव त्या खांबापाशी प्रथम पोहोचेल, तिचा हक्क पहिला. पाण्याची टंचाई असेल तेव्हा एक नाव वर गेल्यावर एक खाली यावयाची, असा आळीपाळीचा क्रम लावला जाई. समोरासमोर येणाऱ्या दोन नावा घोड्यांनी ओढल्या जात असत, तेव्हा एकीने आपला दोर सैल सोडून पाण्यात बुडू द्यावयाचा आणि दुसरीने त्यावरून पुढे सरकावयाचे, अशी रीत होती. या रीतींचा भंग झाला की शिव्यागाळी होई, प्रसंगी हातघाईवरही येई. तथापि हे भंगही एका सर्वमान्य नियमाची साक्षच देतात. ज्या व्यवहारात हक्कच ठरलेला नाही, त्यात हक्कभंगाचा संताप संभवत नाही.

या व्यवस्थेतून एक उतरंड तयार झाली. तिच्या माथ्यावर ‘फ्लाय बोट’ म्हणविल्या जाणाऱ्या जलद नावा होत्या. त्यांवर सर्व पुरुष नावाडी असत, त्या रात्रंदिवस चालत, आणि इतर नावांनी त्यांना वाट द्यावी असा दंडक होता. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन’ या मोठ्या वाहतूक कंपनीच्या नावांना जोशुआ फेलोज याच्या नावावरून ‘जॉशर’ म्हणत, आणि त्या कंपनीत नोकरी असणे ही अभिमानाची गोष्ट समजली जाई. याहून निराळ्या जातीचा मान ‘नंबर वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नावाड्यांस होता. ‘नंबर वन’ म्हणजे स्वतःच्या नावेचा स्वतः मालक असलेला नावाडी. विशेषतः कॉव्हेंट्रीजवळच्या खाणींतून ऑक्सफर्डकडे कोळसा नेणाऱ्यांत असे पुष्कळ होते. त्यांचे उत्पन्न कंपनीच्या नोकरांपेक्षा नेहमीच अधिक असे असे नाही; पण त्यांच्यावर धनी नव्हता, आणि ही स्वतंत्रता हीच त्यांची श्रीमंती होती. अशा नावाड्यांपैकी शेवटच्या घोडनावेचे नाव ‘फ्रेंडशिप’ असून ती आज एल्समेअर पोर्ट येथील जलमार्ग संग्रहालयात जतन केलेली आहे. उतरंडीच्या तळाशी बर्मिंगहॅमच्या परिसरातील ‘जोई बोट’ होत्या. त्या दिवसभर माल वाहून संध्याकाळी रिकाम्या होत; त्यांवर निवासाची सोय बेताचीच, किंबहुना पुष्कळदा नसेच. दूरच्या प्रवासाचे नावाडी या दिवसपाळीच्या नावाड्यांना कमी लेखीत, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. कारण जोई नावाडी रात्री विटांच्या घरात झोपत असे. काठावर जे प्रतिष्ठेचे लक्षण, तेच पाण्यावर हिणकस ठरले होते.

रेल्वेच्या स्पर्धेमुळे मालाचे दर घसरले, तसा काठावरील घराच्या भाड्याचा आणि जादा मजुराच्या वेतनाचा खर्च वाचविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात अनेक नावाड्यांनी बायकामुले नावेवर आणली. नावेच्या मागील बाजूची सुमारे दहा फूट लांबीची खोली हे त्यांचे घर झाले. या खोलीत चूल, घडीचा पलंग, फडताळ आणि संसार इतके सर्व मावावयाचे. तिच्या दरवाजांवर आणि पाण्याच्या भांड्यांवर गुलाबांची व किल्ल्यांची चित्रे रंगविण्याची प्रथा पडली. १८५८ मध्ये जॉन हॉलिंग्जहेड याने लिहिलेल्या कालवाप्रवासाच्या वृत्तांतात तिचे वर्णन आढळते. पितळी कड्या, कड्यांना जाळीची कड असलेल्या बश्या, विणलेल्या झालरी आणि मेशम गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या चहादाण्या ही या घराची भूषणे होत. दारिद्र्य असूनही चकचकाट राखण्याच्या या हौसेचा अर्थ समजण्यासाठी काठावरून येणारा आवाज ऐकला पाहिजे.

तो आवाज सर्वांत मोठ्याने उमटला तो कोलव्हिल येथील जॉर्ज स्मिथ याच्या तोंडून. वीटभट्टीवरील मुलांच्या हालांना वाचा फोडणाऱ्या या सुधारकाने १८७५ मध्ये कालव्यावरील लोकसंख्येविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. नावाडी अस्वच्छ, व्यसनी, निरक्षर आणि अनीतिमान असल्याचे त्याने रंगविलेले चित्र अतिशयोक्त होते; परंतु मुलांच्या शिक्षणाविषयीची त्याची कळकळ खोटी नव्हती. त्याच्या चळवळीतून १८७७ चा आणि १८८४ चा असे दोन कायदे झाले. निवासासाठी वापरल्या जाणाऱ्या नावेची नोंदणी व्हावी, तीत किती माणसांनी राहावे हे ठरावे आणि तिची तपासणी व्हावी, अशी तरतूद झाली. यांतील एक कलम फारसे चर्चिले जात नाही, पण ते मार्मिक आहे. प्रत्येक नाव कोणत्या तरी एका गावाची म्हणून नोंदली जावी आणि त्या गावचे नाव तिच्यावर रंगविले जावे, असे कायद्याने ठरविले. मुलांचे शाळेचे ठिकाण त्यामुळे निश्चित होणार होते. थोडक्यात, पाण्यावरच्या संसाराला काठावरचा पत्ता देण्यात आला.

काठावरच्या या तुच्छतेस नावाड्यांनी दिलेले उत्तर दुहेरी होते. एकीकडे त्यांनी काठावरच्या सर्वांनाच परके ठरविले. ‘काठावरचा’ हा शब्दच त्यांच्या बोलीत हिणविण्याचा झाला. दुसरीकडे, आपल्यावर होणारा अस्वच्छतेचा आरोप त्यांनी आपल्यापैकी काहींच्या माथी मारला. ज्याची नाव मळकी, दोर घाणेरडे, पितळ काळवंडलेले, त्यास ‘रॉडनी’ म्हणत. उतरंडीतील मडक्याप्रमाणे वरचा भार खालच्यावर पडावा, तशी ही निंदा काठावरून नावाड्यांवर आणि नावाड्यांकडून ‘रॉडनीं’वर उतरत गेली. चकचकीत पितळ हे केवळ सौंदर्यप्रेमाचे चिन्ह नव्हते. आपण त्यांतले नव्हे, हे सांगण्याची ती भाषा होती.

नाव बांधण्याच्या जागेचेही असेच होते. कॉव्हेंट्रीजवळ हॉक्सबरी येथे, ज्यास नावाडी ‘सटन स्टॉप’ म्हणत, कोळशाच्या खेपेचा हुकूम येईपर्यंत नावा ओळीने बांधलेल्या असत. त्या ओळीतील जागा म्हणजे पाळी, आणि पाळी म्हणजे मिळकत. दुसऱ्याच्या नावेवर बोलावल्यावाचून पाय न ठेवणे, खोलीत डोकावून न पाहणे, हे संकेत अशा दाटीवाटीच्या वस्तीत अत्यावश्यक होते. जेथे भिंतीच नाहीत, तेथे संकोच हीच भिंत असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या जगात प्रथमच सुशिक्षित मध्यमवर्ग कामकरी म्हणून उतरला. पुरुषांच्या तुटवड्यामुळे ग्रँड युनियन कालव्यावर तरुण स्त्रियांना नावा चालविण्याचे शिक्षण देण्यात आले. सुझन वुलफिट आणि एमा स्मिथ यांनी अनुक्रमे १९४७ व १९४८ मध्ये या अनुभवावर पुस्तके लिहिली. याच सुमारास, १९४४ मध्ये, एल. टी. सी. रोल्ट या अभियंत्याचे ‘नॅरो बोट’ हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले, आणि १९४६ मध्ये रोल्ट, रॉबर्ट एकमन, चार्ल्स हॅडफील्ड प्रभृतींनी अंतर्गत जलमार्गांच्या रक्षणासाठी संस्था स्थापिली. परंतु रक्षण कशाचे, याविषयी मतभेद होते. प्रत्येक कालवा राखलाच पाहिजे, असा एकमनचा आग्रह होता. रोल्टचे लक्ष काम करणाऱ्या नावाड्यांच्या जीवनपद्धतीकडे अधिक होते. १९५१ मध्ये रोल्टचे सदस्यत्व गेले. कालव्यांचे भवितव्य मात्र एकमनच्या बाजूचे ठरले : कालवे वाचले, नावाडी गेले.

१९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात नावा आठवडेच्या आठवडे बर्फात अडकून पडल्या आणि १९६३ मध्ये नव्या जलमार्ग मंडळाने अरुंद नावांची आपली मालवाहतूक बहुतांशी सोडून दिली. १९६८ च्या वाहतूक कायद्याने कालव्यांचे व्यापारी, सहलीचे आणि उर्वरित असे तीन वर्ग पाडले. अ‍ॅथरस्टोनहून लंडनच्या साउथॉल भागातील मुरंब्याच्या कारखान्यास कोळसा पोचविण्याची खेप १९७० मध्ये बंद झाली आणि दूर पल्ल्याच्या नियमित कोळसा वाहतुकीचा अध्याय संपला.

यानंतर जी नवी उतरंड घडली, तिची चिन्हे जुनीच होती. कामकरी नावाड्यांच्या जुन्या नावा हौशी मालकांनी विकत घेतल्या. ज्याची नाव खरोखरीची जुनी, तो सर्वांत वरचा. नव्या पोलादी नावांवर जुन्या बांधणीची आठवण देणारे खोटे रिव्हेट बसविले जाऊ लागले, गुलाब व किल्ले पुन्हा उमलले. काचतंतूच्या हलक्या नावांना पोलादी नावांचे मालक ‘दह्याचे डबे’ म्हणू लागले, आणि आठवड्यापुरती भाड्याची नाव घेऊन येणारा सहलकरी या पंक्तीत शेवटच्या पाटावर बसला. शिष्टाचारही टिकला : बांधलेल्या नावांजवळून वेग कमी करावा, जलपाशालगतच्या जागेत, पाणी भरण्याच्या ठिकाणी किंवा नाव वळविण्याच्या रुंद भागात नाव बांधू नये, रात्री आठ ते सकाळी आठपर्यंत बांधलेल्या नावेचे इंजिन चालवू नये. हे नियम योग्य आहेत, यात संशय नाही. वेगाने जाणाऱ्या नावेमुळे दुसऱ्याचे खुंट उपटून येतात आणि चुलीवरचे भांडे कलंडते. पण नियमाची योग्यता ही एक गोष्ट, आणि नियम न पाळणारा मनुष्य अमुक वर्गाचाच असणार असे गृहीत धरणे ही दुसरी.

हा भेद १९९५ च्या ब्रिटिश जलमार्ग कायद्यानंतर विशेष महत्त्वाचा झाला. परवाना हवा असेल तर नाव ठेवण्याची कायम जागा दाखवावी, किंवा नाव खरोखर प्रवासासाठी वापरावी आणि कोणत्याही एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून अधिक (किंवा परिस्थितीनुसार वाजवी ठरेल त्याहून अधिक) थांबू नये, अशी अट या कायद्याने घातली. लंडनसारख्या ठिकाणी घरभाडी वाढत गेली, तसे कायम जागेवाचून नावेत राहणाऱ्यांची संख्या वाढली. जलमार्ग मंडळाच्या जागी २०१२ मध्ये आलेल्या विश्वस्त संस्थेने एप्रिल २०२४ पासून अशा नावांच्या परवान्यावर जादा आकार लावण्यास आरंभ केला. कायम जागेचे भाडे भरणाऱ्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. सहलीच्या मार्गावर दोन दोन नावा बिलगून उभ्या असल्या म्हणजे थांबावयास जागा मिळत नाही, आणि देखभालीचा खर्च सर्वांनीच उचलावयास हवा. परंतु या तक्रारीची भाषा पाहावी. छपरावर रचलेली लाकडे, सायकली, कोळशाची पोती, फिकटलेला रंग यांवरून माणसाची नीती ठरविली जाते. छपरावरचे लाकूड हे थंडीत चूल पेटविण्यासाठी असते, आणि नावेत दुसरी जागा नसते, हा साधा खुलासा या भाषेत बसत नाही. तिच्यात जॉर्ज स्मिथच्या निंदेचा प्रतिध्वनी आहे. त्याची मुलांविषयीची कळकळ मात्र नाही.

१८७७ चा कायदा आणि १९९५ चा कायदा यांचे हेतू भिन्न होते : पहिल्याचा आरोग्य व शिक्षण, दुसऱ्याचा जागेचे व्यवस्थापन. तरीही दोहोंनी नावेला एकच प्रश्न विचारला : तुझा काठावरचा पत्ता कोणता? कामकरी नावाड्यांच्या काळात फिरत राहणे हाच धंदा असल्याने या प्रश्नाचे उत्तर त्याच्या श्रमात होते. आज ज्याचे घर नावेत आणि काम काठावर, त्याच्यापाशी असे उत्तर नाही, आणि म्हणून तो उतरंडीच्या तळाशी आहे. सर्वांत लक्षणीय गोष्ट ही की, त्याला खाली ढकलणारे अनेकजण ज्या परंपरेचे अभिमानाने नाव घेतात, ती अशाच स्थिर घर नसलेल्या माणसांनी घडविली होती. त्यांच्या नावांवरील गुलाब आज जपले जातात. एका खोलीत संसार करणाऱ्या माणसालाही प्रतिष्ठा असते, हे त्या गुलाबांनी सांगितले होते. ते जपले गेले की नाही, याचे उत्तर रंगकामात नव्हे, तर बांधलेल्या नावेकडे पाहण्याच्या दृष्टीत शोधावे लागते.