तळटीप : वेलस्ली हे आडनाव
* जनरल वेलस्ली : दौलतराव शिंद्यांच्या अमलातील नगरची पेठ ८ ऑगस्ट १८०३ रोजी आणि किल्ला १२ ऑगस्टला हस्तगत करणाऱ्या या सेनापतीच्या वंशाचे मूळ आडनाव कॉली असे होते, सॉमरसेट परगण्यातील वेल्स नगरानजीकच्या एका खेड्यावरून वेलस्ली म्हणविणारे आणि आयर्लंडात स्थायिक झाल्यावर कालांतराने वेस्ली या आखूड नावाने ओळखले जाणारे घराणे सर्वस्वी निराळे. त्या घराण्यातील गॅरेट वेस्ली १७२८ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा त्याचा मीथ परगण्यातील जमीनजुमला रिचर्ड कॉली या आप्ताकडे आला, आणि आपल्याकडे दत्तकपुत्राने वतनाबरोबर घराण्याचे नावही चालवावे, त्याच न्यायाने रिचर्डने वेस्ली हे नाव धारण केले. (धर्मोपदेशक जॉन वेस्लीच्या चार्ल्स या भावाला ही मिळकत आधी देऊ केली होती, परंतु त्याने ती नाकारली, अशी आख्यायिका आहे.) हा रिचर्ड म्हणजे सेनापतीचा आजा. नातू आर्थर हिंदुस्थानात आला तो वेस्ली म्हणूनच; परंतु १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आलेल्या थोरल्या बंधूस जुन्या, भारदस्त रूपाचा सोस असल्यामुळे आर्थरही त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून वेलस्ली अशी सही करू लागला; सबब त्यापूर्वीच्या दप्तरात ‘कर्नल वेस्ली’ असे आढळल्यास तो कारकुनाचा हस्तदोष समजू नये. पुढे १८०९ मध्ये लाभलेल्या किताबासाठी वेलिंग्टन हे सॉमरसेटमधीलच गाव बंधू विल्यमने निवडले, तेही मुख्यतः आडनावाशी असलेल्या उच्चारसाम्यावरून. — संपादक