एक पलंग हरवला

स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या जामदारखान्याचा हिशेब सर्व्हे द कोंदे नावाचा एक फ्रेंच नोकर ठेवत असे. पदाने तो राणीच्या खासगी खोलीतला सेवक. गालिचे, भिंतीवरचे चित्रपट, पलंगांचे पडदे, मखमलीचे तागे, कुठली वस्तू कोणाला दिली आणि उरलेल्या तुकड्यांचे काय केले, हे सारे तो आपल्या फ्रेंचमध्ये टिपून ठेवी. या याद्या १८६३ साली छापून निघाल्या. त्यांत जांभळट मखमलीच्या, भरतकाम केलेल्या एका पलंगाची नोंद आहे. हा पलंग मूळचा राणीच्या आईचा. १५६६च्या ऑगस्टमध्ये राणीने तो राजाला दिला आणि १५६७च्या फेब्रुवारीत तो राजाच्या मुक्कामी हरवला, एवढाच तिचा मजकूर. पलंग हरवला म्हणजे काय झाले होते? १० फेब्रुवारीच्या पहाटे एडिंबरोच्या तटाला लागून असलेले कर्क ओ फील्ड येथील घर दारू ठासून उडवून देण्यात आले होते. राणीचा नवरा, म्हणजे हाच राजा, डार्नली आणि त्याचा नोकर विल्यम टेलर हे दोघे जवळच्या बागेत नुसत्या सदऱ्यावर मरून पडलेले सापडले होते. सोळाव्या शतकात ज्या खुनाची युरोपभर चर्चा झाली, तो सर्व्हेच्या वहीत एका पलंगाच्या खर्ची पडला. याला कोणी कोरडेपणा म्हणेल. मला त्यात धंद्याची शिस्त दिसते. खोलीत काय घडले ते सारे ठाऊक असलेल्या माणसाने कापडाविषयीच लिहायचे, हे त्याला पक्के कळलेले होते.

अशा नोकरांविषयी आपली एक ठरीव समजूत असते: राजाच्या जवळचा तो मोठा, दूरचा तो लहान. स्कॉटलंडच्या दरबाराचे कागद पाहिले की ही समजूत अर्धीच खरी ठरते. जवळीक माणसाला वर चढवी, हे खरे. त्याला जिवंत ठेवी मात्र दुसरीच गोष्ट, त्याचे कूळ. जवळीक मालकाच्या मर्जीने मिळे आणि मर्जी असेतोवर टिके. कुळाचे पाठबळ जन्माने मिळे आणि मालक पडला तरी उरे. ज्याच्याकडे पहिले होते आणि दुसरे नव्हते, त्याचे आयुष्य फार उंचावर आणि फार उघड्यावर गेले.

आधी काम काय असे ते पाहू. आपल्याकडचा ‘हुजऱ्या’ हा शब्द हुजुरावरून, म्हणजे समक्षतेवरून आला. खजिनदाराच्या हिशेबवह्यांतला स्कॉट शब्द ‘चाल्मर-चील्ड’ असा आहे, म्हणजे खोलीतला पोरगा. हुद्दाच खोलीवरून ठरलेला. होलीरूड राजवाड्याचा वायव्येकडचा बुरूज जेम्स पाचव्याने १५२८ ते १५३२ या काळात बांधला. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर मेरीची दालने होती: बाहेरची भेटीची खोली, आत शेजघर, आणि शेजघराला लागून इवल्याशा दोन खोल्या. खाली डार्नलीची दालने, आणि दोन्हींना जोडणारा भिंतीतला अरुंद जिना. कोण कुठल्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकतो, यावर सारी प्रतवारी अवलंबून होती. खोलीतल्या नोकराने विस्तव पेटवायचा, कपडे काढून द्यायचे, निरोप न्यायचा, गाणे येत असेल तर गायचे, आणि पुष्कळदा धन्याच्या खोलीतच अंथरूण पसरून झोपायचे. टेलर डार्नलीबरोबर मेला तो याच कारणाने. टॉमस नेल्सन नावाचा दुसरा नोकर पलीकडच्या सज्जात निजला होता, तो ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. रोख पगार बेताचा असे. त्याखेरीज कापड, उतरलेले कपडे आणि वाड्यातल्या पंक्तीला पान मिळे. १५६२ साली तयार झालेल्या राणीच्या घरखर्चाच्या एका फ्रेंच तक्त्यात कोणत्या पंक्तीला काय वाढायचे हे आखून दिलेले आहे. तो तक्ता जेवणाचा कमी आणि मानाचा जास्त वाटतो.

डेव्हिड रिझियो या व्यवस्थेत शिरला तो अगदी खालच्या पायरीवरून. तो पिदमोंतचा, वाजवणारा आणि गाणारा. १५६१ साली सव्हॉयच्या वकिलाबरोबर तो एडिंबरोला आला. राणीच्या खोलीतले तीन नोकर तीन पट्ट्यांत गात, चौथा खर्ज गाणारा हवा होता; सर जेम्स मेलव्हिलच्या आठवणींप्रमाणे त्या एका रिकाम्या जागेने रिझियोला आत घेतले. १५६४च्या अखेरीस तो राणीची फ्रेंच पत्रे लिहिणारा चिटणीस झाला. ज्याला राणीपर्यंत काही पोचवायचे असे तो त्याच्या दाराशी ताटकळू लागला, आणि ज्या सरदारांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या राजाच्या कानाशी होती त्यांना ते सहन होईना. ९ मार्च १५६६च्या रात्री, राणी सहा महिन्यांची गरोदर असताना, जेमतेम बारा फूट चौरस अशा त्या आतल्या खोलीत जेवण चालू होते. डार्नली खालून जिन्याने आला. त्याच्यामागून आजारी सरदार रूथवेन अंगात चिलखत चढवून आला. रिझियोने राणीच्या झग्याचा घोळ घट्ट धरला. त्याला ओढून बाहेर नेले आणि पन्नासाहून अधिक जखमा करून मारले. प्रेत जिन्यावरून खाली लोटले आणि देवडीवाल्याच्या खोलीतल्या एका पेटीवर टाकले. तिथल्या पोराने मढ्याचे कपडे उतरवता उतरवता म्हटले म्हणे, की हा इथे पहिल्यांदा आला तेव्हा याच पेटीवर निजला होता. ही आठवण खुद्द मारेकऱ्यांच्या बाजूच्या कथनातून आलेली आहे, तेव्हा तिच्यात ‘कसा होता आणि कुठे आला’ हे दाखवण्याची हौस असणारच. पण देवडीवरच्या पोराने मेलेल्या चिटणिसाचे कपडे उतरवून घेणे, यात कल्पना लढवण्यासारखे काही नाही. नोकराच्या उतरलेल्या कपड्यांवर खालच्या नोकराचा हक्क, हीच तर तिथली वहिवाट.

आता कुळाची गोष्ट. त्या काळच्या स्कॉटलंडात खुनाचा निकाल केवळ राजाच्या न्यायालयात लागत नसे. मारणाऱ्याने मेलेल्याच्या नातलगांना भरपाई द्यायची, त्यांनी ती घेऊन क्षमेचा लेख लिहून द्यायचा, अशी कायद्याने मानलेली रीत होती. भरपाई मिळाली नाही तर वैर पिढ्यांवर जाई, आणि या वैराच्या भीतीनेच पुष्कळ तलवारी म्यानात राहत. ज्याचे नातलग पो नदीच्या खोऱ्यात आहेत, त्याच्यासाठी ही भीती कोण घालणार? खुनाआधी डार्नली आणि सरदार यांच्यात जो करार झाला, त्यात रिझियोचा उल्लेख परका इटालियन म्हणून आहे. हे नुसते शिवी देणे नव्हते, त्याला मारले तर मागे वैर येणार नाही याची ती खात्रीही होती. पुढे झालेही तसेच. कटातले मॉर्टन, रूथवेन आणि इतर बडे सरदार सीमेपलीकडे इंग्लंडात गेले. रूथवेन तिकडे आजारानेच वारला, बहुतेक सर्वांना त्याच वर्षी नाताळच्या सुमारास माफी मिळाली. फाशी गेले दोघे: टॉमस स्कॉट, जो पर्थला रूथवेनच्या हाताखालचा अधिकारी होता, आणि हेन्री येअर, जो रूथवेनच्याच पदरी होता. एका नोकराच्या खुनाबद्दल दुसऱ्याच्या नोकरांनी प्राण दिले आणि हिशेब मिटला. रिझियोची जागा त्याचा भाऊ जोसेफ याला मिळाली, ही राणीच्या मायेची खूण असेल. जोसेफच्या धाडसाची तर नक्कीच.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. रिझियो मेला तो नोकर म्हणून नव्हे, तर कॅथलिक, पोपचा हस्तक आणि राजकारणातला अडथळा म्हणून. आक्षेपात तथ्य आहे. त्या महिन्यात भरणाऱ्या पार्लमेंटात बंडखोर सरदारांच्या जहागिरी जप्त व्हायच्या होत्या आणि ते टाळणे हा कटाचा मोठा हेतू होता. पण मग हाच राग कोणावर काढायचा, ही निवड कशी झाली ते पाहिले पाहिजे. कॅथलिक तर दरबारात कितीतरी होते, काही मोठमोठ्या घराण्यांचे. डार्नलीच्या खुनानंतर एडिंबरोच्या भिंतींवर रातोरात जे कागद चिकटले, त्यांतल्या एकात राणीच्या नोकरांची नावे होती: फ्रान्सिस, बास्तियाँ, बोर्दोचा जाँ आणि जोसेफ रिझियो. चौघेही परदेशी. राणीच्या शेजघरात त्यांच्याहून आत वावरणाऱ्या ‘चार मेऱ्या’ (फ्लेमिंग, बीटन, सीटन, लिव्हिंग्स्टन) त्या यादीत नाहीत. त्या बायका होत्या म्हणून सुटल्या, असे कोणी म्हणेल, आणि तेही अंशतः मान्य करावे लागेल. तरी त्यांच्यामागे चार सरदार घराणी उभी होती, ही गोष्ट यादी लिहिणारा विसरला असेल असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. परकेपणच घातक होते तर १४८२ साली लॉडरला जेम्स तिसऱ्याच्या डोळ्यांदेखत फाशी दिलेला रॉबर्ट कॉक्रन स्कॉटच होता, त्याचे काय? आणि डार्नलीच्या खुनासाठी ३ जानेवारी १५६८ रोजी मारले गेलेले, त्या खुनाचा मुख्य संशयित सरदार बॉथवेल याचे नोकर पाऊरी आणि डॅलग्लीश, तेही स्कॉटच. इथे मला माझे म्हणणे थोडे सावरून मांडावे लागते. प्रश्न देशाचा नाही, पाठीशी कोण आहे याचा आहे. परका माणूस हे बिनपाठिंब्याचे सर्वांत ठळक उदाहरण, एवढेच. कॉक्रन राजाच्या लोभाने वर आला होता, त्याच्यासाठी चालून येईल असे घर त्याला नव्हते. त्याच प्रसंगी जॉन रॅमसे नावाचा तरुण राजाला बिलगला आणि वाचला, अशी कथा नंतरच्या बखरकारांनी रंगवून सांगितली. रिझियोही राणीला बिलगलाच होता. मात्र ३ जानेवारीला पाऊरी आणि डॅलग्लीश यांच्याबरोबर ‘हे’ आणि ‘हेपबर्न’ या आडनावांचे दोन छोटे जमीनदारही मेले, आणि तेवढ्यापुरता माझा मुद्दा लंगडा पडतो. बॉथवेल पळाल्यावर त्याचे कूळच कोसळले होते, असे उत्तर देता येते. ते पुरेसे आहे असा माझा आग्रह नाही.

उलट बाजूचे उदाहरण मेरीचा मुलगा जेम्स सहावा याच्या काळातले आहे. १५९२ साली लोगीचा जॉन वेमिस, राजाच्याच खोलीतला माणूस, बंडखोर बॉथवेलशी (हा आधीच्या बॉथवेलचा भाचा) संधान बांधल्याबद्दल डॅलकीथला कैदेत होता. ॲन राणीची डॅनिश दासी मार्गारेट व्हिन्स्टार हिचे त्याच्यावर मन होते. राजाराणी निजलेल्या खोलीतूनच तिने त्याला रात्री नेले आणि खिडकीतून खाली उतरवले. राजद्रोहाला केलेली मदत ती! राजाने तिला परत डेन्मार्कला धाडा म्हटले, तर राणीने साफ नकार दिला. दोघांचे लग्न झाले, त्यांच्यावर गाणेही झाले. व्हिन्स्टारला स्कॉटलंडात कूळ नव्हते हे खरेच, पण तिच्या धनिणीच्या मागे डेन्मार्कचे राजघराणे होते, आणि लोगी फाइफमधल्या जुन्या वेमिसांपैकी होता. जवळीक तीच, गुन्हा मोठा, परिणाम मात्र हसण्यावारी नेण्याजोगा.

या सगळ्या पुराव्याविषयीच एक शंका घेता येते आणि ती घेतलीच पाहिजे. नोकर कागदावर येतो तो दोनदाच: कापड घेताना किंवा फासाच्या तोंडी. दुसऱ्या वेळचे बोलणे कितपत त्याचे? निकोला ह्युबेर, ज्याला सगळे ‘फ्रेंच पॅरिस’ म्हणत, तो आधी बॉथवेलचा आणि १५६७च्या आरंभी राणीच्या खोलीत आलेला नोकर. डेन्मार्कहून त्याला धरून आणले, ऑगस्ट १५६९मध्ये सेंट अँड्रूजला त्याचे दोन जबाब घेतले, दुसऱ्यात पहिल्यापेक्षा राणीवर बरेच अधिक आले, आणि लगेच त्याला लटकवले. त्याला राखून ठेवा, असे एलिझाबेथ राणीचे म्हणणे पोचेपर्यंत तो संपला होता. अशा जबाबातून धनिणीचा अपराध सिद्ध करू पाहणे धाडसाचे आहे. पण पॅरिसचे पाठबळ तपासायला तो उत्तम पुरावा ठरतो, कारण इतकी घाई कुळवंत साक्षीदाराच्या बाबतीत कोणी केली नसती. नेल्सनची साक्ष मात्र ताडून पाहता येते. तो म्हणाला, राणीने कर्क ओ फील्डमधला नवा काळ्या मखमलीचा पलंग हलवून जुना जांभळा लावायला सांगितला. राणीच्या शत्रूंनी यावरून कट सिद्ध केला: चांगली वस्तू तिने आधीच वाचवली. सर्व्हेच्या वहीत रंग जुळतो, पण पलंग टाकाऊ दिसत नाही. तो जरीच्या भरतकामाचा, आईच्या संग्रहातला. शिवाय त्या घरातले भिंतीवरचे चित्रपटही गेलेच. दोन नोकर, एक साक्षीच्या पिंजऱ्यात आणि एक भांडारात. मला भांडारातल्याचा शब्द वजनदार वाटतो, कारण तो लिहीत होता तेव्हा त्याला कोणी काही सिद्ध करायला सांगितलेले नव्हते.

स्फोटाच्या रात्री राणी कर्क ओ फील्डच्या घरात राहिली नाही. बास्तियाँ पाजे या तिच्या नोकराचे ख्रिस्तिली हॉगशी लग्न लागले होते आणि वरातीच्या नाचाला येण्याचा शब्द तिने दिला होता, म्हणून ती होलीरूडला परतली. शंका घेणाऱ्यांनी तेही धरून ठेवले. हाच बास्तियाँ दोन महिन्यांपूर्वी स्टर्लिंगला युवराजाच्या बारशाची सोंगे बसवत होता. शेपट्या हलवणारे वनदेव नाचवून त्याने इंग्रज पाहुण्यांना चिडवलेही होते. भिंतीवरच्या कागदात नाव लागले तरी तो वाचला. १५६८ साली राणी इंग्लंडात कैदी झाली, तसा तोही तिच्यामागे गेला, आणि वर्षानुवर्षे परक्या किल्ल्यांतून तिच्या भरतकामासाठी नवेनवे नमुने काढून देत राहिला.