पुस्तकाची किंमत कोणी ठरवायची?

१. जुलै १९९५ मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ने अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथून इंटरनेटवर पुस्तकविक्री सुरू केली. पुस्तकांच्या दुकानांशी तिची जी स्पर्धा झाली, ती बहुधा तंत्रज्ञानाची कथा म्हणून सांगितली जाते. ब्रिटन आणि फ्रान्स या दोन शेजारी देशांचा इतिहास मात्र एका जुन्या प्रश्नाकडे बोट दाखवतो : पुस्तकाची किंमत कोणी ठरवायची, प्रकाशकाने की विक्रेत्याने?

२. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील विक्रेते चढाओढीने इतकी सूट देत की, केवळ पुस्तके विकून दुकान चालवणे अवघड झाले. १८९० साली प्रकाशक फ्रेडरिक मॅकमिलन यांनी अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांचा ग्रंथ सूट न देण्याच्या अटीवर बाजारात आणला. १ जानेवारी १९०० पासून हीच अट ‘नेट बुक अ‍ॅग्रीमेंट’ या कराराने व्यवसायभर लागू झाली. अट मोडणाऱ्या दुकानाचा पुरवठा थांबवला जाई.

३. या करारामागील हिशेब साधा होता. हातोहात खपणाऱ्या पुस्तकांच्या नफ्यावर दुकानदार काव्यसंग्रह, कोश, संशोधनग्रंथ अशी संथ खपाची पुस्तके बाळगू शकतो. मोठ्या व्यापाऱ्याने खपाऊ पुस्तके स्वस्तात विकली, तर हा आधार नाहीसा होतो. १९६२ साली ब्रिटिश न्यायालयाने हा युक्तिवाद मान्य करून करार कायम ठेवला.

४. १९९५ साली मोठे प्रकाशक बाहेर पडल्याने करार कोलमडला आणि १९९७ मध्ये न्यायालयानेच तो जनहितविरोधी ठरवला. पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅमेझॉन’ ब्रिटनमध्ये आली. तेव्हा सूट देण्यावर कसलेही बंधन उरले नव्हते. विक्रेत्यांच्या संघटनेतील स्वतंत्र दुकाने १९९५ मध्ये १,८९४ होती. २०१६ मध्ये ती ८६७ उरली. यात सुपरमार्केट आणि साखळी दुकानांचाही वाटा होता.

५. फ्रान्सने उलट वाट धरली. १९७४ मध्ये ‘फ्नाक’ने पॅरिसमध्ये पुस्तकांवर २० टक्के सूट देऊ केली आणि लहान दुकानदार हादरले. ‘एदिसियाँ द मिन्वी’चे प्रकाशक जेरोम लँदाँ यांनी समान किमतीसाठी मोहीम चालवली. १० ऑगस्ट १९८१ रोजी, जाक लांग सांस्कृतिक मंत्री असताना कायदा झाला : किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि विक्रेत्याने ५ टक्क्यांपेक्षा अधिक सूट देऊ नये.

६. त्यामुळे फ्रान्समध्ये ऑनलाइन विक्रेत्याला किमतीचे शस्त्र वापरता आले नाही. स्पर्धा टपालखर्चावर आली. २०१४ च्या कायद्याने सूट आणि मोफत घरपोच सेवा एकत्र देण्यास मनाई केली. ‘अ‍ॅमेझॉन’ने टपालखर्च एक सेंट लावून अट पाळली आणि हेतू मात्र निष्फळ ठरवला. अखेर ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंपेक्षा कमी किमतीच्या नव्या पुस्तकांच्या मागणीवर किमान ३ युरो घरपोच शुल्क सक्तीचे झाले.

७. या संरक्षणाचे मोल फ्रेंच वाचक मोजतो. गाजलेली कादंबरी त्याला निम्म्या किमतीत मिळत नाही. ब्रिटनमधील दुकानेही पुढे सावरली. २०२२ मध्ये त्यांची संख्या १,०७२ झाली. म्हणजे कायद्याविना दुकान जगतच नाही, असे नव्हे. पण ब्रिटिश दुकानदाराला ही झुंज एकट्याने द्यावी लागली. फ्रान्समध्ये तिचा भार समाजाने वाटून घेतला.