शंभर ग्रॅमच्या जीवाचं खातं

पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून वर गेलं की बहुतेक जण आधी सेल्फी काढतात आणि मग खाली पसरलेल्या नाशिकमध्ये आपली बिल्डिंग शोधतात. भिंतीवरचे लेख कुणी फारसं बघत नाही. ब्राह्मी येत नाही, त्यामुळे बघून कळतही नाही. पण त्यांची भाषांतरं उपलब्ध आहेत, आणि दहाव्या लेण्यातला एक लेख मला अजूनही सोडत नाही.

तो विष्णुदत्ता नावाच्या बाईचा आहे. ती शक होती. अग्निवर्म्याची मुलगी, रेभिल नावाच्या गणपकाची बायको, विश्ववर्म्याची आई. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी तिने या डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधांसाठी पैसे ठेवले. दान देऊन मोकळी झाली नाही, तर रक्कम नाशकातल्या कारागिरांच्या श्रेण्यांकडे गुंतवली. त्यात तेली होते, आणि पाण्याची यंत्रं करणारे ‘ओदयंत्रिक’ही होते. म्हणजे त्या काळचे इंजिनिअरच म्हणा. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून औषध आणायचं. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत.

त्याच लेण्यात, तिच्याआधी शंभराहून जास्त वर्षं, नहपान राजाचा जावई उषवदात याने आपण तीन लाख गायी दान दिल्याचं कोरून ठेवलंय. हे दोन लेख शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. आपल्याकडे दया ही फक्त मनात येणारी भावना नव्हती. तिचं खातं उघडलं जायचं. कुणासाठी, किती, कुणाकडे ठेव, सगळं लिहिलेलं. प्रश्न एवढाच, की खातं कुणाच्या नावाने उघडलं जायचं?

हा प्रश्न मला इतिहासाच्या पुस्तकातून पडला नाही. पार्किंगमधून पडला.

आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. मागच्या पावसाळ्यात वॉचमनकाकांनी इंटरकॉमवर बोलावलं. भिंत आणि जुन्या स्कूटरच्या मधल्या फटीत मांजरीने पिल्लं घातली होती. तिने बाकीची उचलून नेली, एक राहिलं. कुणीतरी स्कूटर हलवताना त्याचा मागचा पाय स्टँडखाली सापडला होता. डोळे मिटलेले, नाळेचा वाळका तुकडा पोटाला तसाच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं ९४ ग्रॅम.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, दूध नंतर. आधी ऊब दे त्याला. गार पोटात दूध पचत नाही.”

“आजी, तुम्हाला कसं माहीत?”

“आमच्या गोठ्यात काय फक्त वासरंच होती का?”

पुढे डॉक्टरांनीही नेमकं हेच सांगितलं. नवजात पिल्लाला थंडीने कापरं भरत नाही, म्हणजे अंग तापवायची सोयच त्याच्याकडे नसते. पहिल्या आठवड्यात त्याचं तापमान मोठ्या मांजरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असतं आणि तेही आईच्या पोटाशी असलं तरच टिकतं. अंग गार पडलं की आतडी थांबतात. अशा वेळी पाजलेलं दूध पोटात सडतं. म्हणून आधी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, मग दूध. तेही गायीचं नाही, कारण मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश खूप जास्त असतात आणि गायीच्या दुधाने पिल्लाला जुलाब लागतात. पिल्लांसाठीची पावडर मिळते, ती दर दोन-तीन तासांनी. पाजताना पिल्लू पालथं ठेवायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने खालून पुसायचं, कारण या वयात शी-शू आपोआप होत नाही. आई चाटते तेव्हाच होते.

जखमेचं आणखी वेगळं. घरात सर्रास असणारी फिनॉलवर्गातली जंतुनाशकं मांजराला विषारी. पॅरासिटामॉल तर जीवघेणं. माणसाचं यकृत ज्या रासायनिक वाटेने ही द्रव्यं निकामी करतं, ती वाट मांजरात जवळजवळ बंद असते. डॉक्टरांनी जखम सलाइनने धुतली, दोन बोटं काढावी लागली.

त्या रात्री मी चार ठिकाणी फोन केले होते. कुणीच वाईट बोललं नाही. एका ठिकाणी गायी-बैल घेतात. एका ठिकाणी कुत्र्यांची नसबंदी होते. एका ठिकाणी मोठं मांजर चाललं असतं. डोळे न उघडलेल्या पिल्लासाठी कुणाकडे माणूस नव्हता, आणि दर दोन तासांनी उठणारा माणूस कुठून असणार? पण हे असं का, याचं उत्तर मात्र बऱ्याच मागे जाऊन सापडतं.

सुरुवात अशोकापासून करू. माणसांसाठी आणि जनावरांसाठी, दोन्हींसाठी उपचारांची सोय केल्याचं त्याने शिलालेखात सांगितलंय. त्याच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्यातही सापडले. पण मांजराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो उत्तर भारतातल्या स्तंभांवरचा पाचवा लेख. त्यात मारू नयेत अशा प्राण्यांची लांबलचक यादी आहे. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतली त्यांची पिल्लं त्यात आहेत. आणि एक कलम असं, की जे चतुष्पाद उपयोगाचे नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत, त्या सगळ्यांना अभय. मांजराचं नाव वेगळं घेतलेलं नाही, पण या कलमात ते चपखल बसतं. उपयोग नाही म्हणून दुर्लक्ष, असं तिथे नाही. उपयोग नाही म्हणूनच संरक्षण.

पुढच्या काळात हे कलम मागे पडलं. लोकांच्या मनात मांजर होतंच. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, हे आपण सगळे ऐकत आलोय. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, म्हणून व्यालेल्या मांजरीला हाकलायचं नाही, हेही. म्हणजे मारण्याचं प्रायश्चित्त ठरलेलं होतं. वाचवण्यासाठीची ठेव मात्र या समजुतींत नव्हती.

मुंबईत अशी ठेव सुरू झाली ती कुत्र्यांमुळे. ब्रिटिश सरकारने ठरावीक दिवसांत भटकी कुत्री मारायची मुभा दिली होती आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस होतं. १८३२ मध्ये मुदत वाढवली, तेव्हा पैशासाठी लोकांच्या दारातली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. ६ जूनला पारशी रस्त्यावर आले, दुकानं बंद झाली, हिंदू-जैन व्यापारीही त्यात उतरले, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. या दंगलीनंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांनी मुंबईची पांजरपोळ उभी केली. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लागा बसवला. अक्षयनीवीचीच ही नवी तऱ्हा. मुळात भटक्या, निराधार जनावरांसाठी निघालेल्या या संस्थेची ओळख हळूहळू गोशाळा म्हणून झाली.

नाशिकची पंचवटी पांजरपोळ १८७८ पासूनची, म्हणजे मोठा दुष्काळ सरत असतानाची. दुष्काळात आधी मरतात ती शेतकऱ्याची गुरं, त्यामुळे पांजरपोळ गुरांची असणं स्वाभाविक होतं. चुंचाळे शिवारातली तिची जमीन आज शहरातल्या उरल्यासुरल्या मोठ्या हिरव्या पट्ट्यांपैकी एक आहे. ती उद्योगांना द्यावी का, यावरून अलीकडे वादही झाला. दीडशे वर्षांपूर्वी उघडलेलं दयेचं खातं आज शहराला सावली देतंय, हे छोटं काम नाही.

त्याच काळात दुसरं खातं उघडलं, ते कायद्याचं आणि विज्ञानाचं. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी सोसायटी निघाली. १८८४ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाचं उद्घाटन झालं, १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय आलं. १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली, जी पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली. या सगळ्यामागची चिंता होती ट्रामचे घोडे, ओझ्याचे बैल आणि बुळकांडीने पटापट मरणारी गुरं. १८९० च्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे पाळीव किंवा पकडलेला प्राणी. भिंतीच्या फटीत जन्मलेलं पिल्लू त्या व्याख्येत कसं बसणार? ते बसलं १९६० च्या कायद्यात. तिथे माणूस सोडून प्रत्येक सजीव हा प्राणी. अशोकाचं ते कलम परत यायला बावीसशे वर्षं लागली.

हे फक्त आपल्याकडचं नाही. जगभर पशुवैद्यक घोड्यापासून सुरू झालं आणि मांजरापर्यंत सगळ्यात शेवटी पोचलं. ब्रिटनमध्ये मांजरांच्या आजारांकडे नीट लक्ष द्यावं म्हणून खास संस्था निघाली ती १९५८ मध्ये.

म्हणजे त्या रात्रीच्या फोनवर मला जे ऐकू आलं, तो कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. पांजरपोळ गुरांसाठी घडली, रुग्णालयं कामाच्या जनावरांसाठी घडली, आणि पिल्लू कुठल्याच खात्यात नव्हतं. मग इतकी वर्षं ही पिल्लं जगली कुणाच्या जिवावर? माझ्या मते, आजींसारख्यांच्या. चुलीच्या उबेला टोपली ठेवणाऱ्या, कापसाच्या वातीने दूध पाजणाऱ्या बायकांच्या. त्यांच्या कामाचा शिलालेख नाही, जमाखर्च नाही. आधी ऊब, मग दूध, हे ज्ञान गोठ्यातून गोठ्यात तोंडी आलं. आता गोठे नाहीत. आजी आहेत तोवर विचारून घ्यायला हवं, हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

पिल्लाचे डोळे अकराव्या दिवशी उघडले. रात्रीचे अलार्म मी, आजी आणि वॉचमनकाकांची मुलगी यांनी वाटून घेतले होते. ते आता लंगडतं, पण गाड्यांच्या टपांवर चढतं.

संस्थांनी प्रत्येक पिल्लू ठेवून घ्यावं, असं मी म्हणणार नाही. दर दोन तासांनी उठणं हे शेवटी घरातच होणार. पण घरातल्या हातांच्या मागे एखादी ठेव असू शकते. विष्णुदत्तेने तेच केलं होतं. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर कोण बसायचं, हे तिच्या लेखात नाही. तो बसणारा औषधासाठी वणवण फिरू नये, एवढीच सोय तिने केली. आमच्या बिल्डिंगमधल्या पाच घरांनी मिळून एक डबा भरून ठेवलाय. त्यात पिल्लांची दूध पावडर, छोटी बाटली, सलाइन, कापूस, गरम पाण्याची पिशवी आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आहे. संपेल ते महिन्याच्या वर्गणीतून परत भरायचं. डबा वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये आहे आणि झाकणावर आजींनी मार्करने लिहिलंय, ‘आधी ऊब’.