आवाजाचा पासंग

लहानपणी वडिलांबरोबर आठवडी बाजारात गेलो म्हणजे एक गोष्ट मी नेहमी पाहत असे. ज्वारी तोलण्यापूर्वी वडील दुकानदाराला रिकामा तराजू उचलायला लावीत. एखादे पारडे कलले, तर आधी पासंग बांधायचा आणि मगच माल घालायचा. गेल्या वर्षी हाच पासंग मला एका आवाजासाठी शोधावा लागला.

तो आवाज संत गाडगेबाबांचा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी बाबा जन्मले आणि अकोला जिल्ह्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी वाढले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांनी देह ठेवला. त्याच्या सहाच आठवडे आधी, ८ नोव्हेंबरला, मुंबईस वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. पुढे १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली. मग असे आवाज नकलेवरून नक्कल होत घरोघर गेले.

अशी एक कॅसेट आमच्या घरी होती, दुसरी शेजारच्या आबाजींकडे. आबाजींनी बालपणी अमरावतीस बाबांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेले. दोन्ही लावून पाहिल्या. आमचीतला आवाज मोठा, टणक आणि घाईचा. त्यांचीतला खोल, पण घोंगडीआडून आल्यासारखा. आबाजी म्हणाले, "गुरुजी, मले तं तुमचीच खरी वाटते." माझा मुलगा मात्र त्या घाईच्या बोलण्याला हसला. ते हसू मला बोचले. ज्यांनी बाबांना पाहिले नाही, त्यांच्या लेखी हाच बाबांचा आवाज ठरणार होता.

अकोल्याचा माझा एक जुना विद्यार्थी ध्वनिमुद्रणाचे काम करतो. दोन्ही कॅसेटी संगणकात उतरवण्यासाठी त्याच्याकडे नेल्या. त्याने प्रथम त्यांना हातही लावला नाही. सेकंदाला ३,१५० आवर्तनांचा सूर भरलेली मापाची कॅसेट लावून त्याने यंत्राची गती तपासली. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे. मग आमची कॅसेट लावून त्याने आवाजामागची विजेची बारीक गुणगुण मोजली. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. कॅसेटीत भरली ५३! म्हणजे नक्कल करतानाच कुठे तरी गती चुकली होती. तासाभराचे बोलणे साडेछप्पन्न मिनिटांत उरकत होते आणि स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढला होता. आबाजींच्या कॅसेटीतली गुणगुण नेमकी ५० होती.

"मग ती घोंगडी?" मी विचारले. त्याने यंत्रातल्या वाचकाचा लहानसा स्क्रू किंचित फिरवला. वाचक फितीला काटकोनात बसला नाही, तर बारीक, तीक्ष्ण ध्वनी विरून जातात. स्क्रू फिरताच 'स' आणि 'च' स्वच्छ ऐकू येऊ लागले.

शेवटी त्याने दोन्हींचा आवाज सारखा केला. "गुरुजी, एखादा डेसिबल जास्त असला तरी कान त्यालाच चांगले म्हणतो. मोठेपणा आधी काढून घ्यायचा, मग गुण पाहायचे." मला हसू आले. शाळेत हेच मी त्याला कितीदा सांगितले असेल!

घरी येऊन आबाजींना दोन्ही पुन्हा ऐकवल्या. कोणती कुणाची ते सांगितले नाही. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळाने आपल्याच कॅसेटीशी थांबून म्हणाले, "हाव, हेच. मंघा मी मोठ्या आवाजाले भुललो." मुलगा या वेळी हसला नाही. शेवटपर्यंत ऐकत बसला.

आपल्या घरी आजीच्या ओव्यांची, वडिलांच्या बोलण्याची एखादी कॅसेट पडून असेल. या दिवाळीच्या साफसफाईत ती टाकू नका. आणि एखादी वाईट वाजली, तर आवाजाला नावे ठेवण्यापूर्वी तराजू रिकामा उचलून पाहा.