‘मँचेस्टर’ या नावात काय दडलंय?

इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणतात, हे आपल्यापैकी अनेकींनी शाळेत पाठ केलंय. अहमदाबादलाही ‘भारताचं मँचेस्टर’ म्हणत. पण हे मँचेस्टर कुठलं, आणि त्याचं नाव कौतुकाचं कसं झालं? आज आपण तेच पाहू.

मँचेस्टर हे इंग्लंडच्या उत्तरेकडचं शहर. पहिल्या शतकात रोमन सैन्याने तिथे किल्ला बांधला. त्या जागेचं नाव मामुकियम. काही अभ्यासकांच्या मते हे नाव स्तनासारख्या गोल टेकडीवरून पडलं; काहींच्या मते त्यात ‘आई’ हा शब्द आहे, कारण तिथली नदी लोकांना आईसारखी होती. शेवटचं ‘चेस्टर’ म्हणजे रोमनांचा लष्करी तळ. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘गड’ किंवा ‘कोट’ लागतो, तसंच.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे सूतगिरण्या वाढल्या. लोक शहराला ‘कॉटनोपोलिस’, म्हणजे कापूसनगरी, म्हणू लागले. ऑस्ट्रेलियातल्या दुकानांत आजही चादरी, अभ्रे, टॉवेल यांना ‘मँचेस्टर’ म्हणतात. गावाचं नाव मालाला लागलं!

पण या कापूसनगरीच्या शेतात कापूस पिकत नव्हता. अमेरिकेत गुलामांनी वेचलेला कापूस तिथे जायचा. गिरण्यांत राबणाऱ्यांमध्ये बायका आणि मुलं मोठ्या संख्येने होती. तिथलं स्वस्त सूत आणि कापड आपल्याकडे आलं, तेव्हा घरी चरख्यावर सूत कातून चार पैसे मिळवणाऱ्या बायांचं काम गेलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस अडला आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला.

म्हणजे आपण ज्या नावाने आपल्या गावाचा गौरव करतो, त्याच नावाने आपल्या आज्या-पणज्यांची कमाई हिरावली होती. यंत्रमागाच्या गावात आजही बाया कांड्या भरतात. गावाला मँचेस्टर म्हणताना त्यांची मजुरी किती, हेही विचारायला हवं.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक करू या. गावातल्या सर्वांत वयस्कर आजींना बोलावू आणि विचारू, तुमच्या घरी चरखा किंवा माग होता का? तो कधी थांबला? त्या सांगतील ते गटाच्या वहीत लिहून ठेवू.